उजव्या तर्जनीच्या टोकावरून

मी एका उजव्या तर्जनीच्या टोकावरची पेशी बोलतेय. डोळे ताणू नका, दिसायची नाही मी. माझ्यासारख्या कितीतरी जणी आज सकाळी तुम्ही टॉवेलला पुसून टाकल्या असतील. कुणी साधी चौकशी तरी केली का?

आमचे मालक दृष्टिहीन. ब्रेलची पुस्तकं छापतात तिथे ते कामाला. कागदावर उठलेले ठिपके बोटाने तपासायचे. त्यामुळे बोटाला उंचवटा लागला की वाचल्याशिवाय चैन नाही. घरात नवी इस्त्री आली, तिच्यावर उठावाची अक्षरं. झालं! तापलेल्या इस्त्रीवर आमचे शहाणे वाचत बसले.

"अहो बाबा, काय करताय!" लेक ओरडली.

"कंपनीचं नाव बघत होतो गं."

तेव्हा मी नव्हते, माझी आई होती. पण तिचं आठवणं माझ्यातही उतरलंय.

मालकांचा जीव अडकला होता एका पत्रात. त्यांच्या बायकोने केवळ त्यांच्यासाठी ब्रेल शिकून घेतलं होतं. शेवटच्या आजारपणात तिने टोचणीने एक पत्र लिहिलं, पण हातात जोर कुठला? ठिपके इतके पुसट की याच बोटाला कळायचे. पत्र संपू नये म्हणून मालक रोज एकच ओळ वाचायचे. शेवटची ओळ राहिली आणि बोट भाजलं.

"मी बघू का वाचून?" लेकीने विचारलं.

"नको. तिने मला लिहिलंय."

डॉक्टर म्हणाले, "वरवरच भाजलंय. खालचा थर शाबूत आहे, बोट पूर्वीसारखं होईल."

अहो, तो खालचा थर म्हणजे आम्हीच! काय धांदल उडाली तिथे! पेशी कशी घडवायची, कशी चालवायची, अशा आपल्याजवळच्या सगळ्या सूचनांची आईने नक्कल केली. मूळ आणि नक्कल अशा जोड्या नीट गुंडाळून मधोमध उभ्या केल्या. प्रत्येक जोडीतली एक प्रत या टोकाला गेली, एक त्या टोकाला. मग आई कमरेत आवळत गेली आणि आम्ही दोघी झालो, हुबेहूब. आई मेली म्हणावं तर तसं नाही, आणि शोधावी तर कुठेच नाही.

बहीण तळाशी राहिली, पुन्हा दोन व्हायला. मी वर ढकलली गेले. तळातली ती ऊब, ती दाटी, "सरक गं, सरक" म्हणत केलेली भांडणं... फार आठवतं हो. वर येता येता मी चपटी झाले, वाळले. आईने दिलेल्या सूचनाही पुसल्या गेल्या.

पट्टी सुटली त्या दिवशी मालकांनी पत्रावर बोट ठेवलं. "कोरा कागद वाटतोय गं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी कातडी अजून बधिर होती, तरी रोज पत्र घेऊन बसायचे. आज दुपारी बोट एका ठिपक्यावर थबकलं. मग दुसऱ्यावर. ते मोठ्याने वाचू लागले, "शेजारच्या वहिनींकडे... आपलं मोठं पातेलं आहे... तेवढं आणा."

"एवढंच?" लेक म्हणाली.

"एवढंच!" मालक हसता हसता डोळे पुसायला लागले. "हीच तुझी आई! अगदी हीच!"

आता तीच ओळ विसाव्यांदा वाचताहेत. या घासण्यात माझी पकड सुटली आहे. हे बघा, मी पत्रावरच पडले. माझ्या जागी खालून वर आलेली दुसरी आहे, अगदी माझ्यासारखी. मालकांना काही कळलंसुद्धा नाही. ते वाचताहेत.