खांद्यावरनं आंघोळ

“खांद्यावरनं न्हाला. बापाला अग्नी दिऊन आला, आणि बायकांगत खांद्यावरनं न्हाला.”

गणपतकाका ओला पंचा पिळत स्वतःशीच पुटपुटत होते. मी शेजारीच नळावर हात धूत होते, तेव्हा ते माझ्यासाठीही असावं. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, पंचगंगेवर पोचवून पुरुषमंडळी नुकतीच परत आली होती. स्मशानातनं आल्यावर डोक्यावरनं पाणी घ्यायचं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि सम्राटनं, माझ्या धाकट्या भावानं, तांब्या मानेपर्यंत नेला आणि तिथनंच ओतला.

काकांना संशय धरायला एवढं पुरे होतं, कारण त्यांच्याजवळ आधीचा एक शिल्लक होता. दवाखान्यात आबांनी थरथरता हात उचलून सम्राटच्या डोक्यावर ठेवायला घेतला, तर सम्राटनं डोकं मागं घेतलं आणि तो हात धरून आपल्या गालाला लावला. मी तिथंच होते. मला वाटलं, माया आहे. काकांना वाटलं, बापलेकांचं काहीतरी बिनसलंय. आशीर्वाद डोक्यावर घेतात, गालावर नाही, असं ते भावकीत सांगत सुटले. आमच्या भावकीत एकदा सुटलेली गोष्ट घरोघरी चहा पिऊन चांगली जाड होऊन येते. कुणी म्हणे वाटणीवरनं फाटलं, कुणी म्हणे आबांना दुकान पसंत नव्हतं.

दुकानाचं तेवढं खोटं नव्हतं. राजारामपुरीत सम्राटचं ‘दरारा मेन्स वेअर’ आहे. पाटीवर तो स्वतःच उभा आहे, काळा कुर्ता, मनगटात कडं, मिशीला पीळ, आणि कपाळावरनं मागं सारलेले दाट केस. आत कपडे कमी आणि पुरुष व्हायचं सामान जास्त. दाढीचं तेल, मिशीचं मेण, उग्र वासाची अत्तरं. लग्नाळू पोरं येतात, सम्राट त्यांना आरशापुढं उभं करतो आणि म्हणतो, “छाती काढ की भावा, लग्न तुझंच हाय न्हवं?” पोरं हसतात, छाती काढतात, आणि आणखी एक जाकीट घेऊन जातात. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ आहेत, सासरी कोडोलीत माझ्या शेजारणीही बघतात. आबा एकदाच दुकानात गेले होते. मिशीच्या मेणाची डबी हुंगून त्यांनी विचारलं होतं, हे लावल्यावर आवाजबी वाढतो का. आबांना मिशी नव्हती, डोक्यावर केस नव्हते, आणि वारणेच्या साखर कारखान्यात त्यांनी हाक मारली की दोन खात्यांतली माणसं वळून बघायची.

तर काकांचा संशय असा होता. माझा निराळा.

सुतकासाठी मी माहेरीच राहिले होते. न्हाणीघरात आरशामागं एक बाटली सापडली, चिठ्ठी नसलेली, उघडली तर स्पिरिटचा भपकारा. तेवढ्यात सम्राटची बायको स्नेहल आत आली आणि हातातनं बाटली काढून घेत म्हणाली, नखांचं हाय ते आक्का. सुतकात नखं रंगवणारी ती नव्हे, एरवीही नव्हे. शिवाय आईनं बोलता बोलता सांगितलं होतं की सम्राट दर महिन्याला माल आणायला पुण्याला जातो. आणि दुकानातला पोरगा म्हणतो की माल तर टेम्पोनं येतो. मी दोन्ही जोडून टाकलं, बाटली म्हणजे दारू आणि पुणं म्हणजे बाई. पुण्यातल्या त्या बाईला मी मनातल्या मनात साडीही नेसवून ठेवली होती, फिकट गुलाबी.

मग एका सकाळी सम्राटच्या केसांत फुलाची पाकळी अडकलेली दिसली. मी हात घातला, तसा तो तव्याला हात लागल्यासारखा उडाला. “नगं आक्का,” म्हणाला, एवढंच. ज्या पोराचं डोकं मी मांडीवर घेऊन चोळलं, धुतलं, उवा काढल्या, तो माझ्याकडं, उधारी वसूल करायला आलेल्या माणसाकडं बघावं तसा बघत होता. तेव्हा मला तिसरा संशय आला आणि तो मी स्वतःलाही नीट सांगितला नाही. कोडोलीत आमच्या गल्लीतल्या एका बाईचे केस औषधांनी गेले होते. तीही अशीच कुणाला डोक्याला हात लावू देत नव्हती. बाप गेला, आता भाऊही जातोय की काय, ह्या विचारानं मला भाकरी गोड लागेना. स्नेहलला आडून विचारलं तर ती म्हणाली, तब्येत चांगली हाय त्यांची, आणि माझी नजर चुकवून कपडे वाळत घालायला गेली. नजर चुकवून सांगितलेली चांगली बातमी कोण खरी मानतं?

इकडं काकांनी तारीखच लावून ठेवली होती. दहाव्याला समजंल, म्हणायचे. बापासाठी डोकं करतो का न्हाय, बघूया. आणि हे सम्राटच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणायचे. केस काढले नाहीत तर जन्मभर बापाचा वैरी ठरणार, हे त्याला कळत होतं. काढायलाही तयार होईना. विचारलं की उठून जायचा. बायकोजवळ म्हणाला होता म्हणे, ह्यापरीस मीच गेलो असतो तर बरं झालं असतं.

दहाव्याला घाटावर भावकी झाडून आली. एरवी निम्मे येत नाहीत. काकांनी पेरलेलं पीक होतं ते. आई, स्नेहल आणि मी पायऱ्यांवर बसलो. न्हाव्यानं पोतं अंथरलं. सम्राट धोतर नेसून गळ्याइतक्या पाण्यात उतरला, दोनदा बुडी मारल्यासारखं केलं, आणि डोकं कोरडं घेऊन वर आला.

काका वाटच बघत होते. त्यांनी घागर भरून घेतली होती. पोतं गाठायच्या आत त्यांनी मागनं सम्राटच्या डोक्यावर ती अख्खी उपडी केली.

पाणी ओघळलं आणि कपाळावरची केसांची कड सुटली. भिजलेल्या पाकिटावरचं तिकीट सुटावं तशी, एका कोपऱ्यानं, अलगद. खाली पांढरी कातडी दिसली. आबांच्या आजारपणात पुण्याला जाऊन ते नव्यानं चिकटवून घेणं झालं नव्हतं, चिकटवलेलं सैल पडलं होतं; आरशामागची बाटली तो डिंक पुसायची. सम्राटनं तळवा कपाळावर दाबला आणि तो तसाच उभा राहिला, पाटीवरचा दरारा मेन्स वेअर, थंडीनं कुडकुडत.

माझे तिन्ही संशय एकदम पाण्यात गेले. दारू नव्हती, बाई नव्हती, आजार नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की बापाच्या दहाव्याला हसू फुटायचं राहिलं. मग त्याचा तो दाबून धरलेला हात बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं.

सगळ्यांनी बघितलं होतं. कुणीच बघितलं नाही. न्हावी नवं पान बसवलेल्या वस्ताऱ्यात पुन्हा पान बसवू लागला. भावकीला पलीकडच्या काठावरच्या म्हशींमध्ये भारी रस वाटू लागला. काकांच्या हातात रिकामी घागर तशीच, आणि तोंड असं की कुणी त्यांच्याच डोक्यावर ओतलीय.

शेवटी बोलले तेही काकाच, आणि आवाज मऊ. “आताच्या काळात एवढं कोण बघतंय? शेंडीजवळची एक बट काढली तरी पोचतंय की. काय गुरुजी?”

गुरुजी लगेच म्हणाले, चालतं. भावकी म्हणाली, चालतं, शहरात तर तसंच करतात. दहा दिवस ज्यांना पोराचं अख्खं डोकं हवं होतं ते आता एका बटेवर राजी झाले. सम्राट कुणाकडं न बघता पोत्यावर बसला, एका हातानं कपाळ धरून. न्हाव्यानं वस्तारा ठेवून कात्री घेतली आणि टाळूवरची एक बट चिमटीत धरली.

आई माझ्या खांद्यावर जोर देऊन उठली, ओल्या पायऱ्या एकेक करून उतरली आणि न्हाव्याच्या मनगटावर हात ठेवला.

“कातर ठेव बाबा,” ती म्हणाली. “ते केस त्याचं न्हाईत, इकतचं हाईत. ह्यास्नी कुणा परक्याचं केस पोचवू नगा. माझ्या पोराला टक्कल हाय.”