आजची नदी

तिनं प्रोजेक्टरची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली आणि ती स्टुलावरून खाली उतरली. काही फरक पडला नाही. भिंतीवरून एक बारीक निळी रेघ उतरत होती आणि जमिनीवरून दाराकडे जात होती. बाकी सगळा हॉल काळाच.

"सापडला बिघाड?" कलादालनाच्या व्यवस्थापकानं विचारलं.

"बिघाड नाहीच. नदीतच एवढं पाणी उरलंय."

शहराबाहेरच्या नदीत कमरेइतक्या पाण्यात उतरून तिनं स्वतः सेन्सर बसवले होते. नदीचं पाणी वाढलं की इथला प्रकाश वाढायचा. समोर माणूस उभा राहिला की त्याच्या सावलीला वळसा घालून वाहायचा. चाचणीच्या दिवशी अख्खा हॉल निळा झाला होता. मग वरच्या अंगाला पाणी अडवलं गेलं आणि प्रकाश रोडावत रोडावत रेघेवर आला.

"चाचणीचं रेकॉर्डिंग आहे ना? तेच लावा. कुणाला कळणार आहे?"

"मला."

व्यवस्थापकानं कपाळाला हात लावला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची आई बसली होती. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेली बाई. लेकीनं कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा "हातचं सोडून पळत्याच्या पाठी," एवढंच ती म्हणाली होती. त्यानंतर कितीतरी दिवस फोनवर फक्त "जेवलीस का?"

"बाई, तुम्ही तरी समजवा हिला," व्यवस्थापक म्हणाला. "पाहुणे दारात आलेत. सगळं मुसळ केरात जाईल."

आई उठली, रेघेजवळ गेली. चष्मा पुसून, वाकून पाहत राहिली.

"ही आत्ताची आहे? या क्षणाची?"

"हो."

"मग उत्तर बरोबर आहे. लहान आलं म्हणून कुणी खोडत नाही."

लेकीनं जाऊन दार उघडलं.

माणसं आत आली आणि थबकली. मागून कुणीतरी खिदळलं, "बल्ब उडाला वाटतं!"

लेकीला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. तेवढ्यात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज हॉलभर घुमला.

"बल्ब ठणठणीत आहे. नदीचं विचारा. माझ्या मुलीनं ती इथं आणलीय. आत्ता जशी आहे, तशी."

हसणं थांबलं. कडेवर मूल घेतलेली एक बाई पुढे झाली. तिची सावली पडली तशी रेघ अडली. वळसा घालण्याइतकं पाणीच नव्हतं. पुढची निळाई विझत गेली. बाई चटकन मागे सरली. थोडं थांबून रेघ पुन्हा सरपटत निघाली.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. माणसं आपसूक भिंतींकडे सरकली आणि मधली वाट मोकळी झाली. आई सगळ्यांच्या पुढे उभी होती, मान ताठ, डोळे ओले. ते पुसायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. फोनवर बोलत, दारातून सरळ आत.

व्यवस्थापकानं लगबगीनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"साहेब, जरा कडेनं," तो हलकेच म्हणाला. "पाय पडेल तिच्यावर."