भोरड्या उतरल्या

वारा पूर्ण पडला होता, तरी दादर ज्वारीच्या ताटांचे शेंडे हलत होते. नाल्याकडून विहिरीकडे, एका रेषेत. राखणीच्या उंच माळ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या वनाने हातातली भाकरी बाजूला ठेवली, गोफणीत गुंडा, मुठीएवढा गोल दगड, घातला आणि उभं राहून डोक्यावरून तीन फेरे दिले. गोफण कडाडली. हलणाऱ्या शेंड्यांच्या वीतभर पुढचं ताट मधोमध तुटून आडवं झालं.

“दुसरा गुंडा डोकामा लागी!” वना वरून ओरडला. “उभा राह्य. कोन शे?”

ताटांमधून एक माणूस हात वर करून उभा राहिला. दाढी छातीपर्यंत आलेली, अंगात रेल्वेच्या गँगमनचं विटलेलं नारिंगी जाकीट.

“मारू नका, आबा. मी गिरधर, भुसावळना. नालाना काठले आमनी वस्ती पडेल शे. एकवीस मानसं शेत, बायापोरं धरीसन. तीन दिन व्हयनात, पोटमा काही नही.”

“मंग चोरी करशी?”

“मांगं तर देशात का?”

मागितलं असतं तर? हो म्हणण्याइतकं घरात नव्हतं आणि नाही म्हणायला जीभ वळत नव्हती.

“माले माहीत शे,” गिरधर म्हणाला. “उद्या दिन निंघताच आम्ही बठ्ठा येसूत. माळ्यावर तुम्ही एकलाच शेत. कितला गुंडा मारशात?”

एवढं बोलून तो पाठ फिरवून चालू लागला. गोफण धरलेल्या माणसाकडे पाठ करून चालायला छाती लागते, हे वनाला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

वनाची ओळख करून द्यायची तर गोफण वगळून भागत नाही. सातव्या वर्षी बापाने त्याला माळ्यावर चढवलं, आणि तो जो चढला तो जन्मभर तिथलाच झाला. गिरणाकाठच्या त्या गावात बाकीच्यांनी ठिबक टाकलं, केळी लावल्या, पोरांना जळगाव-धुळ्याला शिकायला पाठवलं. वना आपला तीन एकरांत दादर पेरायचा आणि दाणा भरू लागला की माळ्यावर बसून पाखरांशी भांडायचा. गावाने त्याचं नाव ‘पाखऱ्या’ ठेवलं होतं. बायको यशोदाबाई म्हणायची, “घरमा चार शब्द बोलस नही, आनि पाखरेस्संगे दिनभर भांडस.” शिव्याही किती तऱ्हेच्या! चिमणीला वेगळी, पोपटाला वेगळी. आणि भोरड्या आल्या की त्याचा तोलच सुटायचा. भोरडी म्हणजे थंडीत परमुलखातून येणारी, गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची जात. हजारांनी उतरणार आणि सकाळभरात वावर चाटूनपुसून जाणार. “मरा! बठ्ठ्या मरा! एक पन जित्ती राहू नका!” असं वना बेंबीच्या देठापासून ओरडायचा. पन्नास वर्षं ओरडला.

आणि चार वर्षांपूर्वी त्या खरंच मेल्या.

कुठला रोग, कुठून आला, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आधी पाखरं पडली. तारांखाली, विहिरींत, अंगणात, परातीत वाळत घातलेल्या कुरडयांवर. मग माणसं. दोन महिन्यांत वीज गेली, गाड्या थांबल्या, भडगावचा बाजार ओस पडला. गावातले जे वाचले ते वाट फुटेल तिकडे गेले. वना मात्र यशोदाबाई, मुलगा स्वप्नील आणि सून रत्ना यांना घेऊन शेतातल्या झोपडीत आला. त्याच वर्षी तिथे नात जन्मली. यशोदाबाईने हट्टाने तिचं नाव कोकिळा ठेवलं. पोरगी साडेतीन वर्षांची झाली, पण कोकिळा सोडाच, तिने साधी चिमणी पाहिली नव्हती.

ज्या गोफणीला गाव हसलं तिनेच मग घर राखलं. धान्य लुटायला टोळ्या यायच्या. गुडघा म्हणाल तर गुडघा, मनगट म्हणाल तर मनगट; वनाचा गुंडा तिथेच बसायचा आणि टोळी परत जायची. पण चार वर्षांत त्याने जिवानिशी कुणाला मारलं नव्हतं. त्याचं कारण एकट्या यशोदाबाईला ठाऊक होतं. तो एकदा तिला म्हणाला होता, “मी मरा म्हनं, आनि त्या मरन्यात. बठ्ठं मना तोंडनं व्हयनं.” तिने त्याला वेड्यात काढलं. पण तेव्हापासून त्याने तो शब्द तोंडातून काढला नाही. झोपडीत विंचू निघाला तरी, तोंडून तो शब्द जाऊ नये म्हणून, तो सुनेला हाक मारायचा आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहायचा.

त्या गोफणीला एकच वैरी जुमानत नव्हता, तो म्हणजे अळी. पाखरं गेल्यावर तिला खाणारं कुणी राहिलं नाही. हिरवी, करंगळीएवढी अळी कणसाच्या पोटात शिरायची आणि दाणा दुधात असतानाच पोखरायची. दर वर्षी पिकातला तिचा वाटा वाढत गेला. यंदा पेरलं ते घरातलं शेवटचं बी होतं. हे पीक गेलं तर खायलाही नाही आणि पेरायलाही नाही. गिरधर येऊन गेला त्या संध्याकाळीही चौघं राखेच्या पाण्याची बादली घेऊन ओळीओळीने अळ्या वेचत होती. एका कणसातली काढावी तर शेजारच्यात दोन दिसायच्या.

“उद्या पायवर नेम धरू नका, आबा,” स्वप्नील मान वर न करता म्हणाला. “एकवीस जन शेत. पहिला पडना, ते बाकीना पळतीन.”

वना पुढच्या कणसाकडे वळला.

“आबा, पोरकडे देखा,” रत्ना म्हणाली. तिने आणखी काही म्हटलं नाही.

सकाळी वना माळ्यावर चढला तेव्हा त्याने ढिगातला सगळ्यात जड, गोल गुंडा निवडून वेगळा ठेवला.

दिवस उगवताना ते आले. लपतछपत नाही, उघड्यावरून, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणाकडे सरळ रांग धरून. हातात विळे, काठ्या, एकाकडे रुळावरची पहार. मागे म्हातारी, पोरं आणि धान्य न्यायला रिकामी पातेली घेतलेल्या बाया.

वनाचा पहिला गुंडा गिरधरच्या हातातली काठी उडवून गेला. गिरधर थांबला नाही. दुसरा त्याच्या मांडीवर बसला. तो खाली बसला, उठला आणि लंगडत पुढे आला.

“मारा, आबा,” तो म्हणाला. “भुक्या मरानापेक्षा हाई बरं.” आणि त्याने कुंपणाचे काटे उघड्या हातांनी ओढायला सुरुवात केली.

“आबा!” खालून स्वप्नीलने हाक दिली.

वनाने तो जड गुंडा गोफणीत घातला. गिरधरचं कपाळ इथून स्वच्छ दिसत होतं. एक फेरा झाला. दुसरा झाला.

तिसऱ्या फेऱ्याला त्याच्या कानावर काहीतरी आलं आणि हात आपोआप खाली आला, गुंडा गोफणीतच राहिला. लांबून, उत्तरेकडून, तापीच्या अंगाने एक चिरचिराट येत होता. चार वर्षं तो आवाज या जगात नव्हता.

सातपुड्याच्या निळ्या रेघेवर एक डाग दिसत होता. तो लांबला, दुमडला, वळला आणि वळताना उन्हात गुलाबी झाला. हजार म्हणावेत की दहा हजार, ते कोण मोजणार! थवा गिरणेवर आला, त्याची सावली वाळूवरून धावत आली, आणि पंखांचा वारा खाली उभ्या असलेल्यांच्या केसांना लागला. विळे हातातच राहिले. गिरधर काट्यांत रुतलेले हात तसेच ठेवून वर बघत होता. एका बाईने पातेलं खाली ठेवलं आणि आभाळाला हात जोडले. आपण इथे कशाला आलो होतो, हेच सगळे विसरून गेले.

पहिला भानावर आला तो स्वप्नील. “रोग शे, आबा! हाकला त्यास्ले! बठ्ठा मरसूत!” रत्नाने कोकिळेचं डोकं पदराखाली दाबून धरलं.

एवढ्यात एक भोरडी माळ्याच्या बांबूवर येऊन बसली, वनापासून हातभर. रोगट पाखरू पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसतं. त्या वाईट वर्षी त्याने अशी शेकडो पाहिली होती. हिचे डोळे लख्ख होते आणि पिसं अंगाला चापून बसलेली. तिने मान तिरकी करून या जुन्या भांडखोर माणसाकडे पाहून घेतलं आणि खाली झेपावली.

“चांगल्या शेत,” वना म्हणाला. त्याचा आवाज फुटला. “अरे, चांगल्या शेत रे! जित्त्या शेत!”

थवा वावरात उतरला. ताटं वाकली. स्वप्नील काठी घेऊन धावणार तोच वना गरजला, “कोनी हालू नका!” आणि नवल असं, की कुंपणाबाहेरचे एकवीस जणही जागच्या जागी उभे राहिले. वनाला बापाने शिकवलेली एक गोष्ट आठवली होती. लांबून उडून आलेली भोरडी आल्या आल्या दाण्याला तोंड लावत नाही, आधी अळी वेचते. तिला घटकाभर वेचू द्यायचं आणि कणसाला चोच लागली की त्याच क्षणी उठवायचं. लवकर उठवली तर अळी राहते, उशीर झाला तर दादर जाते. फवारणीची औषधं आल्यापासून ही राखण सगळे विसरले होते. वनाही विसरला होता.

“देखा,” तो हळूच म्हणाला.

सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येक चोचीत हिरवी अळी वळवळत होती. चौघांनी महिनाभर कंबर मोडून जे साधलं नव्हतं ते डोळ्यांदेखत होत होतं. यशोदाबाई विहिरीपाशी तोंडावर हात ठेवून उभी होती. वनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

माळ्याच्या खांबाची सावली सरकत विहिरीच्या कठड्याला टेकली. मधल्या ओळीत एका भोरडीने दुधाळ दाणा फोडला. मग दुसरीने. घटका भरली होती. वनाने गोफण उचलली, तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. पन्नास वर्षं त्या तोंडातून निघालेला शब्द जिभेवर येऊन बसला होता. त्याने दात आवळले. खाली चोची कणसांवर पडत होत्या, शेवटचं बी त्याच्यासमोर चाललं होतं आणि त्याला साधी हाळी देता येत नव्हती.

“गिरधर!” तो शेवटी कसाबसा बोलला. “भो, तुनी मानसं चारीबाजूले पसराड. पातेलं वाजाडा! उठाडा त्यास्ले, नही ते आपले कोनलेच काही उरत नही!”

‘आपले’ हा शब्द गिरधरने ऐकला असावा. त्याने काट्यांतून हात सोडवले आणि मागे वळून माणसांना हाका घातल्या. बांधाबांधावरून माणसं पळाली. पातेली वाजू लागली, पहार दगडावर आदळू लागली. स्वप्नील एका अंगाने धावला, रत्ना दुसऱ्या. गिरधर लंगडत मधल्या बांधावर पोचला आणि मूठ उगारून ओरडला, “मरा! बठ्ठ्या मरा!”

“नको!” वना माळ्यावरून असा ओरडला की पातेली थांबली. “हाकल त्यास्ले. पन मरा म्हनू नको. हात जोडस तुले, तेवढं म्हनू नको.”

गिरधरला काही उमगलं नाही. यशोदाबाईला उमगलं. तिने पदर खोचला, टाळ्या वाजवत पुढे झाली आणि नुसतं “हाऽऽ” केलं. गिरधरने तेच उचललं. मग वावराच्या चारी बाजूंनी बायाबापड्यांचे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे गळे नुसते “हाऽऽ, हाऽऽ” करू लागले. थवा एकदम उठला, वावरावरून एक वळसा घेतला आणि नदीकडे निघाला.

गिरधर धापा टाकत माळ्याखाली आला. मांडीवरून रक्त ओघळत होतं. “परत येतीन का?”

“रोज. होळीलोंग,” वना म्हणाला. “रोज घटकाभर उतरू देनं आनि मंग उठाडनं. आमनं चार जनस्नं काम नही. राहतस का?”

“आनि खावाले?”

“जे पिकी ते बठ्ठास्नं.”

गिरधरने मान हलवली आणि तिथेच मातीत बसला. यशोदाबाई त्याच्या मांडीला बांधायला चिंधी शोधत झोपडीत गेली. ज्याने जखम केली त्याच्याकडे तिने जाता जाता एक कटाक्ष टाकला.

कोकिळा पदराखालून सुटून शिडीपाशी आली होती. “आबा, ते काय व्हतं?”

शिव्या सोडून त्या पाखरांबद्दल वना जन्मात काही बोलला नव्हता. “भोरडी,” तो म्हणाला. “लांबथून येस. आपलीच शे.”

त्याने गोफणीतला जड गुंडा काढला आणि माळ्यावरून खाली, बांधाच्या मातीत टाकून दिला. थवा नदीपलीकडे ठिपक्याएवढा राहिला होता. तो दिसेनासा झाला तरी वना उभाच होता. मग खाली कुणाचं लक्ष नाही असं बघून तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “उद्या या, माय.”