शंभराव्या खिशाचं अस्तर

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीकडून तिसऱ्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझा कणा दोनदा चिकटवलेला आहे आणि एकविसाव्या पानावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मला हातात घेतलंत तर आधी शिंकाल. शिंका, त्याचं मला काही वाटत नाही. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

छापखान्यात मला शिवणारा कारागीर म्हणाला होता, "हिची शिवण गोष्टीपेक्षा जास्त टिकेल." तेव्हा मला राग आला होता.

माझ्यात एका देवीची गोष्ट आहे. ती भलामोठा कोट घालून बर्फातून चालत असते. कोटाला शंभर खिसे. वाटेत ज्यांना पुढे चालवत नाही, त्यांना ती उचलते आणि एकेका खिशात ठेवते. नव्व्याण्णव खिसे भरलेत, शंभरावा रिकामा आहे.

वाचनालयात आले तेव्हा माझे फार लाड झाले. मुलं माझ्यासाठी नंबर लावायची. एका मुलीने समासात तीन खिसे काढले, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी तिची चांगलीच खरडपट्टी काढली. पुस्तकात पेन्सिलीचा ठिपकाही त्यांना खपत नसे. सूट होती ती फक्त निवृत्त मास्तरांना. दर शनिवारी लांब टेबलाभोवती त्यांचं वाचकमंडळ बसायचं. त्यांनी मला पाच वेळा वाचलं आणि बारीक अक्षरात समास भरून टाकले. 'बर्फ म्हणजे विस्मरण.' 'कोट म्हणजे स्मृती.' देवी दिसली रे दिसली की बाजूला 'प्रतीक'. खरं सांगते, मी हुरळून गेले. मुलांना माझ्यात नुसती गोष्ट दिसायची, मास्तरांना अर्थ दिसायचा. मला वाटलं, आता आपण मोठ्या झालो.

मग एक दिवस शिवणकाम करणाऱ्या काकू मला घरी घेऊन गेल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी मशीन आणि समोर पलंग. पलंगावर त्यांची दहा वर्षांची मुलगी. आई तिला गुंडी म्हणायची. गुंडी कित्येक महिने उठली नव्हती. डॉक्टरांनी येणं कमी केलं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

रोज दुपारी एक प्रकरण. मायलेकींचा एकच नियम होता, पुढचं पान चोरून वाचायचं नाही. दोघी तो काटेकोर पाळायच्या.

"आई, एका कोटाला शंभर खिसे बसतील?" गुंडीने एकदा विचारलं.

काकूंनी स्वतःच्या खांद्यावर टेप लावला, खाकी कागदावर कोट आखून पाहिला. "बाहेरून चाळीस बसतील. बाकीचे आतून लावावे लागतील."

"मग आतल्या खिशात थंडी वाजेल?"

"अस्तर असलं तर नाही वाजत."

"आहे का अस्तर?"

काकूंनी एक टाचणी ओठांत धरली. "असणारच की."

"टाचणी काढ आधी," गुंडी म्हणाली. "खोटं बोलायचं असलं की तू टाचणी धरतेस. शनिवारी मास्तरांना विचार. त्यांना सगळं पाठ आहे." मग तिने विचारलं, "शंभराव्या खिशाचं विचारशील ना?"

तो खिसा तिला कशासाठी हवा होता, हे काकूंना कळलं. मलाही कळलं.

शनिवारी काकू मला पिशवीत घालून मंडळात गेल्या. टेप गळ्यातच राहिला होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या कोटाला आतून अस्तर आहे का हो? शंभराव्या खिशात थंडी वाजेल का?"

दोघेतिघे हसले. मनाने वाईट नव्हते, पण हसले. मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही पडलात शिवणकामातल्या, म्हणून तुम्हाला अस्तर आठवलं. अहो, तिथे कोट नाही, खिसा नाही, देवीही नाही. सगळी प्रतीकं आहेत. शब्दशः घेतलं तर गोष्ट पोरकट होते."

"म्हणजे नाहीच?"

"नाहीच."

काकूंनी मान हलवली. हे कुणासाठी विचारतेय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मास्तरांनीही विचारलं नाही.

मित्रांनो, उत्तर माझ्यात होतं. पान दोनशे बारा, वरून चौथी ओळ: 'देवीने कोट उलटा केला. आत जुन्या पांघरुणांचं अस्तर होतं, आणि शंभराव्या खिशाला ते दुहेरी लावलेलं होतं.' मास्तरांनी ही ओळ पाच वेळा वाचली होती. तिच्याशेजारी त्यांचंच अक्षर होतं, 'ऊब म्हणजे आठवण'. अर्थ त्यांच्या लक्षात राहिला, अस्तर विसरलं. आणि मायलेकी पोचल्या होत्या पान एकशे त्र्याहत्तरपर्यंत. मला पानं आहेत, पण ती उलटायला हात नाहीत.

"काय म्हणाले?" गुंडीने विचारलं. काकूंच्या ओठांत टाचणी नव्हती.

"कोट नाहीये म्हणाले. सगळं प्रतीक आहे."

"म्हणजे काय?"

"मला नीट नाही कळलं, बाळा."

"मग मिट ते पुस्तक," गुंडी म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्या दोघींनी मला पुन्हा उघडलं नाही. अकरा दिवसांनी पलंग रिकामा झाला.

मला परत करण्याआधी काकू मशीनशी बसून एकट्याच वाचू लागल्या. दोनशे बाराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्या इतक्या रडल्या की ते पान अजून सुरकुतलेलं आहे. मग त्यांनी गुंडीच्या पांघरुणाचा तुकडा कापला. वाचनालयाचं कार्ड ठेवायला माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर कागदी खिसा होता, तो फाटला होता. तो काढून त्यांनी दाभणाने भोकं पाडली आणि कापडी खिसा शिवला. आतून अस्तर लावलं, दुहेरी.

"खिसा फाटला होता, नवा लावलाय," एवढंच त्या ग्रंथपाल बाईंना म्हणाल्या. गुंडीचं बाईंनी इतरांकडून ऐकलं, आणि मास्तरांना सांगितलं.

मास्तरांनी त्या खिशात दोन बोटं घातली. मग ते पान काढून वाचलं. "मी हे वाचलं होतं," ते म्हणाले. "पाच वेळा." ते काकूंकडे गेले. तिथे काय बोलले मला ठाऊक नाही, मी फळीवर होते. परत येऊन त्यांनी खोडरबर मागितलं आणि माझे समास एकेक करून पुसायला घेतले.

"अर्थ चुकीचे होते का?" बाईंनी विचारलं.

"नाही. बरोबरच होते. पण तिने अर्थ विचारलाच नव्हता."

दोनशे बाराव्या पानावर मात्र पुसलेल्या जागी त्यांनी नवी ओळ लिहिली, 'हो, गुंडी. अस्तर आहे.' पेन्सिलीचा ठिपका न खपणाऱ्या बाईंनी ती आजवर पुसलेली नाही. मंडळ पुढे बंद पडलं आणि मी हळूहळू खालच्या फळीवर आले.

देवी खरी की प्रतीक, ते मला विचारू नका. मी दोन्ही वाहते आणि दोन्हींचं मला ओझं होत नाही. पण तुम्हाला कुणी कोटाच्या अस्तराबद्दल विचारलं, तर हसण्याआधी एवढं विचारा की थंडी कुणाला वाजतेय. आणि मला घरी नेलंत, तर कार्ड काढताना बोटं जरा आत घाला. खिसा मऊ आहे. एका मुलीला हे वेळेवर सांगायचं राहून गेलं.