गार पडू न दिलेलं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल बस आहे, आणि तीही येत्या मंगळवारपर्यंतच. त्या दिवशी भंगारवाला मला घेऊन जाणार आहे. त्याआधी माझी हकीकत ऐकून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा पिवळा रंग इतका लख्ख होता की लोक त्यात बघून केस नीट करत. माझ्या चालकाची मी पहिलीच बस. तो मला 'बाईसाहेब' म्हणायचा आणि रोज माझ्या काचा पुसायचा. "घरची खिडकी कधी पुसली नाहीत ती!" अशी बायकोची बोलणीही त्यापायी खायचा. त्याची लेक इंजिनाशेजारच्या आसनावर बसून पाढे म्हणायची. एखादा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पुढे माझा रंग उडाला, आसनं फाटली. विजेच्या गाड्या आल्या आणि प्रवासी मला बघून नाकं मुरडू लागले. मला फार वाईट वाटायचं. चालक मात्र माझ्यासाठी कुणाशीही भांडायचा.

मग आगारात हुकूम आला. दिवसाला पंच्याण्णव किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी मोडीत काढायची. हिशेब करायला आली ती चालकाचीच लेक, आता अभियंता झालेली. मला केवढा आनंद झाला!

सगळ्या बसचं डिझेल एकाच वहीत एकत्र लिहिलेलं होतं. माझं वेगळं किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिने अंदाज बांधला. दिवसाचे एकशे वीस किलोमीटर, लिटरला चार, म्हणजे तीस लिटर. एक लिटर डिझेल जळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यातून सुमारे दोन किलो सातशे ग्रॅम वायू निघतो. एकूण झाले एक्क्याऐंशी किलो. मी वाचले होते! चालकाने माझ्या पत्र्यावर थाप मारली.

"वाचणारच! बावीस वर्षं जिवापाड जपलंय मी बाईसाहेबांना," तो अभिमानाने सांगू लागला. "शेवटच्या थांब्यावर इंजिन कधी बंद म्हणून केलं नाही. दिवसभर गार पडूच दिलं नाही बघ."

लेकीचं पेन थांबलं. "रोज किती वेळ चालू असतं, बाबा?"

"तीन तास तरी. स्टार्टर अशक्त आहे ना. सकाळी चौघं मिळून धक्का मारतो, तेव्हा कुठे सुरू होतं."

"मग स्टार्टर बदलून टाकू."

"तो आता मिळत नाही गं. बनवायचेच बंद झालेत."

तिने कागदावर पुन्हा हिशेब मांडला. उभ्या गाडीचे तीन तास म्हणजे आणखी आठ लिटर. बेरीज एकशे दोन किलोच्या वर गेली. ती बघून चालकाचा चेहरा पडला.

"मी काही बोललोच नाही असं समज ना, बाळ."

"मी ऐकलं, बाबा."

तो माझ्या पायरीवर मटकन बसला. "माझ्याच तोंडाने घात केला मी त्यांचा," म्हणाला आणि ढसाढसा रडला. लेक त्याच्याशेजारी बसली. तिचेही डोळे भरून आले, पण तिने आकडा बदलला नाही. मला तिचा राग आला नाही. तिचे पाढे मी ऐकले होते.

काल माझी शेवटची फेरी झाली. शेवटच्या थांब्यावर चालकाने स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. तिथे इतकी पाखरं आहेत, हे मला बावीस वर्षांत कळलंच नव्हतं. "बाईसाहेब, आता आराम करा," तो म्हणाला. मग लोकांनी ढकलत मला आगारात आणलं.

मित्रांनो, उभ्या गाडीचं इंजिन बंद करत जा. आणि ज्याच्यावर माया कराल, त्याचं काय दुखतंय तेही बघा. तो रोज माझ्या काचा पुसायचा. स्टार्टर मिळत होता तेव्हा त्याच्याकडे बघायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही, कारण सकाळी धक्का मारून एकदा सुरू केलं की दिवसभर माझं इंजिन त्याने कधी बंदच केलं नाही.