चेस्टर आर्थरची जागा

अमेरिकेच्या सरकारने एकदा ठरवलं की लोकांनी एक डॉलरची नोट सोडून नाणं वापरावं. लोकांनी ठरवलं की वापरू नये. सरकारने नाण्यावरची बाई बदलली, धातूचा रंग सोनेरी केला, मग दिवंगत राष्ट्राध्यक्ष एकेक करून छापले. लोक शांतपणे नोटाच वापरत राहिले. शेवटी सरकारने ही नाणी फक्त जमवणाऱ्यांसाठी पाडायला घेतली, म्हणजे जी माणसं ती जन्मात खर्च करणार नव्हती त्यांच्यासाठी. यात कोणाचंच काही बिघडलं नाही, आणि आयोवातल्या हॅम्लिन क्रीक गावात डेलमार ग्रुंडमायरचा आल्बम जवळजवळ भरला.

जवळजवळ. एक गोल भोक तेवढं राहिलं होतं. ते चेस्टर आर्थरचं.

चेस्टर आर्थर हा राष्ट्राध्यक्ष कशासाठी प्रसिद्ध आहे हे हॅम्लिन क्रीकमध्ये कोणी सांगू शकलं नसतं. त्याचे कल्ले गालांवरून उतरून थेट मिशांना मिळतात एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. नाणं दुर्मिळ नव्हतं, महागही नव्हतं. खरं तर डेलमारच्या टेबलाच्या खणात एक कोरा आर्थर पडून होता. अधूनमधून दार लावून तो ते नाणं भोकात ठेवून बघायचा, पान लांब धरून न्याहाळायचा, आणि पुन्हा काढून खणात टाकायचा. कारण मंडळाचा नियम.

गावातलं नाणेमंडळ ल्युथरन चर्चच्या तळघरात भरायचं. आल्बममधलं शेवटचं नाणं स्वतः विकत घ्यायचं नाही, हा तिथला पहिल्यापासूनचा नियम. ते दुसऱ्या कुठल्यातरी सदस्याने द्यायचं, आणि तेही न मागता. मग सगळ्यांसमोर ते अंगठ्याने भोकात दाबायचं, टाळ्या, पाय नावाचा सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणि कॉफीच्या पिंपामागच्या भिंतीवर फोटो. भिंतीवर सगळ्यांचे फोटो होते. ज्याने कधी धड एकही आल्बम सांभाळला नाही, मंडळाचा अध्यक्ष असलेल्या त्या लाइल हुक्स्ट्राचेसुद्धा दोन होते. नव्हता तो फक्त डेलमारचा, आणि बहुतेक फोटो काढले होते डेलमारनेच.

लाइलच्या कोटाच्या खिशात सुटे आर्थर खुळखुळतात, हे डेलमारला माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे लाइलला माहीत आहे, हेही माहीत होतं.

"लाइल, या आर्थरबद्दल तुला काय वाटतं?" एकदा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कल्ले जरा जास्तच होते," लाइल म्हणाला आणि कॉफी ओतून घ्यायला गेला.

याला कारण डेलमारची जीभ. त्याच्याजवळ कायम एक भिंग असे. कोणी नवीन नाणं दाखवलं की तो ते काठावर धरून भिंगाखाली फिरवायचा आणि एकच शब्द बोलायचा: "घासलेलं." जमवणाऱ्यांच्या जगात याहून वाईट शिवी नाही. घासलेल्या नाण्याची सगळी कांती जाते. मग ते चमकतं, पण नुसतंच. डेलमारचं निदान नेहमी बरोबर असायचं, आणि लोकांना त्याचंच जास्त लागायचं.

तरी तेवढं लोकांनी गिळलं असतं. गिळता आला नाही तो आर्डिसचा प्रसंग. आर्डिस ट्वाइट ही मंडळातल्या नॉर्मनची बायको. नॉर्मन गेल्यावर त्याचं सदस्यत्व तिच्याकडे आलं. ती एका बैठकीला त्याचा बिस्किटांचा डबा भरून नाणी घेऊन आली. चर्चचं छप्पर गळत होतं. नाणी मंडळाने विकत घ्यावीत, पैसे छपराला जावेत, असा तिचा विचार. आणण्याआधी, नवऱ्याच्या वस्तू लोकांपुढे मळक्या जाऊ नयेत म्हणून, तिने एकूण एक नाणं टोमॅटो केचप लावून घासून लख्ख केलं होतं. पितळेला केचप चांगलं, हे तिला आईने शिकवलं होतं.

डेलमारने भिंग लावलं. "घासलेलं," तो म्हणाला. दुसरं उचललं. "घासलेलं." तो डब्याच्या तळापर्यंत गेला. दुसरा कोणी मध्येच थांबला असता. डेलमार कामात कुचराई करत नसे.

आर्डिसने डब्याला झाकण लावलं, स्कार्फ बांधला आणि घरी गेली. तिच्याबरोबर तिचा रुबार्बच्या आंबट देठांचा पायही गेला. नाणेमंडळातली निम्मी माणसं नाण्यांसाठी येत असत आणि उरलेली त्या पायसाठी. तेव्हापासून तळघरात दुकानातल्या कोरड्या बिस्किटांवर भागत होतं. नैतिक संताप माणसाला विसरता येतो. रुबार्बचा पाय विसरता येत नाही.

"तुला कोणी नाणं देणार नाही," डेलमारची बायको व्हर्ना विणकामातून मान वर न करता म्हणाली.

"का? मी काय खोटं बोललो?"

"नाही ना. तीच तर पंचाईत. खोटं बोलला असतास तर माफी मागून मोकळा झाला असतास."

"नियम म्हणजे नियम असतो, व्हर्ना. घासलेलं ते घासलेलं."

"बरं. मग खणातल्या आर्थरशीच संसार कर. दार लावून काय करतोस ते मला काय कळत नाही होय?"

डेलमारचे कान लाल झाले. तो गॅरेजमध्ये गेला, शिडी काढली आणि गाडीवर बांधली.

हॅम्लिन क्रीकमध्ये माफी मागायची पद्धत नाही. तिथे माणूस जाऊन दुसऱ्याचं काहीतरी दुरुस्त करतो. ऑक्टोबर संपत आला होता आणि आर्डिसच्या घराला थंडी अडवायला खिडक्यांवर बाहेरून चढवायच्या जादा काचा लागल्या नव्हत्या. त्या नॉर्मन लावायचा. डेलमारने बेल वाजवली नाही. शिडी टेकवली आणि तळघराच्या दाराशी रचलेल्या काचांच्या चौकटी एकेक करून वर चढवू लागला. थोड्या वेळाने खिडकी आतून उघडली. आर्डिसचा आणि त्याचा चेहरा समोरासमोर आले.

"ती स्वयंपाकघराची आहे," ती म्हणाली. "उलटी धरलीयेस."

डेलमारने चौकट सुलटी केली.

"काच पुसून लाव. की पुसलेलंही तुला चालत नाही?"

"काचेला चालतं," डेलमार म्हणाला.

सगळ्या खिडक्या झाल्यावर ती कॉफी घेऊन ओट्यावर आली. दोघं उभ्याउभ्याच प्याली. शेजारच्या शेतात मका कापायचं यंत्र धूळ उडवत चाललं होतं. 

"आर्डिस," शेवटी तो म्हणाला, "मी जे म्हणालो ते बरोबर होतं."

"हं."

"पण पहिल्या नाण्यालाच थांबायला हवं होतं."

आर्डिसने त्याच्या हातातला कप घेतला. "मागची पायरी हलते आहे," ती म्हणाली. "हातोडा आणलायस ना?"

त्याने पायरीही ठोकली. आर्थरबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि तीही नाही. परतताना गाडीत त्याला जाणवलं की आता आर्थर मिळाला नाही तरी तक्रार करायला जागा उरलेली नाही. हे त्याला फार गैरसोयीचं वाटलं.

नोव्हेंबरच्या बैठकीत जिन्यावरून आधी वास उतरला आणि मागून आर्डिस. लाइलने तिच्या हातातला पाय असा घेतला की जणू चर्चच्या आगीतून मूल वाचवलं. तिने स्कार्फ सोडला, पर्समधून हातरुमालाची पुरचुंडी काढली आणि डेलमारसमोर ठेवली.

"नॉर्मनच्या डब्यात होतं. तुझ्या वहीत नाही म्हणतात."

रुमाल उघडला. चेस्टर आर्थर! पण कसला आर्थर! आंघोळ घालून, खसाखसा पुसून शाळेच्या पहिल्या दिवशी उभ्या केलेल्या पोरासारखा तो गुलबट झळाळत होता. कल्ल्यांच्या फटीत कुठेतरी लाल ठिपकासुद्धा राहिला होता.

"सकाळी पुन्हा एकदा घासलं," आर्डिस म्हणाली. "तुझ्यासाठी."

 पायमध्ये सुरी घातलेला लाइल तसाच थांबला. डेलमारचा हात सवयीने खिशात गेला आणि भिंग घेऊन बाहेर आला. त्याने नाणं काठावर धरलं आणि पाहू लागला. पृष्ठभागावर केसासारखे हजार ओरखडे. धातूची कांती पार गेलेली. उभ्या आयुष्यात इतकं घासलेलं नाणं त्याने पाहिलं नव्हतं. आणि ते एकदा आल्बममध्ये बसलं की बसलं. फोटोत, भिंतीवर, लोकांच्या तोंडी.

"काय दिसतं?" आर्डिसने विचारलं.

डेलमारने भिंग खाली केलं. शब्द जिभेच्या टोकाशी आलेला सगळ्यांना दिसत होता.

"आर्थर," तो म्हणाला. "आर्थर दिसतो."

त्याने पारदर्शक पट्टी सरकवली, नाणं भोकावर ठेवलं आणि अंगठा दाबला. टक् असा बारीक आवाज झाला. टाळ्या पडल्या, काही नाण्याला, बऱ्याचशा पायला. फोटो लाइलने काढला, त्यामुळे त्यात डेलमारचं कपाळ कापलं गेलंय.

खणातल्या कोऱ्या आर्थरचं काय करायचं हा प्रश्न उरला. दुसऱ्या दिवशी डेलमारने ते नाणं काढून आल्बमशेजारी ठेवलं. पट्टी सरकवायला क्षण लागला असता. पानभर राष्ट्राध्यक्ष काळानुसार मवाळ तपकिरी झाले होते आणि मधोमध आर्डिसचा आर्थर कढईसारखा चकाकत होता.

"काय ठरलं?" व्हर्नाने दारातून विचारलं. दार आता उघडंच असायचं.

"चर्चला जाताना आठवण कर," तो म्हणाला.

रविवारी त्याने कोरा आर्थर दानाच्या थाळीत टाकला. प्रार्थना संपल्यावर पास्टरांनी त्याला दाराशी गाठलं. "डेलमार, हे तुझं चुकून पडलं वाटतं."

"चुकून नाही, छपरासाठी आहे."

"पण याचं आम्ही करायचं काय?"

"डॉलर आहे तो, पास्टर. खर्च करा."

पास्टरांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. असा काही उपयोग असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

पितळच ते. वसंतापर्यंत आर्डिसचा आर्थरही मंदावला. एप्रिलच्या बैठकीत पायचे तुकडे वाटून झाल्यावर ती आल्बम चाळू लागली आणि त्या पानाशी थांबली.

"काळवंडला रे हा."

"काळवंडतात," डेलमार म्हणाला.

"पुढच्या खेपेला केचप आणू?"

लाइलचा काटा तोंडाशी थबकला. डेलमारने खिशावरून हात फिरवला. भिंग तिथेच होतं. मग त्याने रुबार्बचा घास सावकाश चावून गिळला.

"आण," तो म्हणाला. "पण त्याच्या एकट्यापुरतंच."