नुसतं ऐकायचं यंत्र

उल्हासरावांनी ओमानमधल्या रुवीतल्या त्या दुकानात पाऊल टाकलं तेव्हाच, इथे कुणाला काही कळत नसणार, हा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. तसा तो बारा महिने असायचा. अल् खुवैरच्या ऑफिसात असायचा, घरी वरणभात कालवतानाही असायचा.

त्यांना स्कॅनर हवा होता. हातात मावणारा, हवेतली रेडिओवरची बोलणी शोधून ऐकवणारा. वैमानिक विमानतळाशी काय बोलतात ते ऐकायचं, आणि पुढच्या शुक्रवारी मराठी मंडळातल्या चार बावळटांना ते ऐकवून थक्क करायचं, असा बेत होता.

"साब, फ्रीक्वेन्सी मैं डाल के दूँ? पाँच मिनट का काम है," दुकानदार अमीन म्हणाला.

"मैं इंजीनियर हूँ," उल्हासरावांनी त्याला सुनावलं आणि खोकं उचललं.

घरी येऊन त्यांनी माहितीपुस्तिका न उघडता कपाटावर टाकली. पुस्तिका सामान्य लोकांसाठी असते, असं त्यांचं मत होतं. मग ते सोफ्यावर ठाण मांडून बसले आणि एकेक आकडा दाबून जागा भरू लागले. विमानांची बोलणी एएमवर चालतात. उल्हासरावांनी झाडून सगळ्या जागा एफएमवर भरल्या. परिणामी प्रत्येक वैमानिक तोंडात बेसनाचा लाडू धरून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला.

"बघ, हल्ली वैमानिकसुद्धा कुणालाही करतात," ते बायकोला म्हणाले. "साधं स्पष्ट बोलता येत नाही एकाला."

वासंतीबाई चकल्या पाडत होत्या. "अहो, यात आपल्याला बोलता पण येतं का?"

"छे! हा वॉकी-टॉकी नाही. यात नुसतं ऐकायचं."

"नुसतं ऐकायचं?" वासंतीबाईंचा सोऱ्या थांबला. "आणि तुम्ही ते विकत आणलंत?"

उल्हासरावांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. त्यांचं लक्ष शुक्रवारकडे लागलं होतं. दार्सैतच्या हॉलवर मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता, आणि त्याच दिवशी नवा अध्यक्ष निवडायचा होता. हे पद त्यांना किती वर्षं हवं होतं! लहान पोराला जत्रेतला फुगा हवा असतो, अगदी तसं हवं होतं. दर वेळी ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. आताचा अध्यक्ष धनंजय तर नुसते आभार मानायलाही कागद घेऊन उभा राहायचा. असल्या माणसाला खुर्ची, आणि आपण प्रेक्षकांत! हे शल्य त्यांना आतून कुरतडत होतं. यंदा मात्र मंडळाला अक्कल येईल अशी त्यांना खात्री होती.

शुक्रवारी सकाळी हॉलवर पोचल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थेट फाटकातच उभी केली. वॉकी-टॉकी घेतलेला सागर नावाचा स्वयंसेवक, "काका, इथे पाहुण्यांची गाडी," असं म्हणत धावत आला.

"यल्ला, यल्ला! बाजूला हो," असं म्हणून उल्हासराव आत शिरले.

स्कॅनर खिशात होता आणि त्याची वायर कानात. विमानांचा नाद सोडून त्यांनी शोधायचं बटण दाबलं. आकडे पळू लागले, मध्येच थांबले, आणि कानात लख्ख मराठी ऐकू आलं. मंडळाच्या स्वयंसेवकांचंच बोलणं होतं ते.

"अस्मिता, अर्बाब आला गं. फाटकातच गाडी घुसवलीन्."

"आला? खलास! तू आता साउंडवर जाऊन बस. माइक धरला की दोन मिनिटांत बंद कर. मागच्या वर्षी त्याच्यापायी सगळे वडे गार झाले."

उल्हासरावांचे डोळे लकाकले. अर्बाब म्हणजे मालक. इथे कामगार आपल्या साहेबाला म्हणतात ते. आणि या हॉलचे मालक ओमानी, दरसालचे प्रमुख पाहुणे, ते समोर पहिल्या रांगेत पांढऱ्याशुभ्र, पायघोळ दिशदाशात बसलेलेच होते. म्हणजे धनंजयची ही पोरं खुद्द पाहुण्यांचा माइक तोडणार! मंडळाची अब्रू हे असं वेशीवर टांगणार! ते ओमानी गृहस्थ दरवर्षी "हॅपी दिवाली" एवढंच बोलून खाली बसायचे, मग वडे गार कुणामुळे झाले, हा प्रश्न उल्हासरावांना पडला नाही. प्रश्न पडणं हे त्यांच्या मते इतरांचं काम होतं.

धनंजय अध्यक्षपदासाठी नावं मागायला उभा राहिला, तसे उल्हासराव तरातरा मंचावर चढले आणि त्यांनी त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"नावं नंतर! आधी या मंडळात काय चालतं ते ऐका," ते गरजले. "आपल्या सन्माननीय पाहुण्यांना इथली पोरं अर्बाब म्हणून हिणवतात. त्यांचा माइक बंद करायचा कट शिजलाय! असल्या नालायकांच्या हाती मंडळ किती दिवस ठेवायचं? माझ्याकडे पुरावा आहे."

पहिल्या रांगेतल्या वासंतीबाईंनी घाईघाईने मान हलवून 'नको, नको' केलं. त्यांना सगळा प्रकार केव्हाच कळला होता. उल्हासरावांनी खिशातून स्कॅनर काढला, कानाची वायर उपटली आणि यंत्र माइकसमोर धरलं.

क्षणभर खरखर झाली. मग वडे तळणाऱ्या अस्मिताचा आवाज हॉलभर घुमला.

"सागर, अर्बाब चढला ना रे माइकवर? इथपर्यंत ओरडणं ऐकू येतंय. कर बंद, दुसरा घाणा निघाला माझा!"

माइकवर कोण होतं ते सगळ्यांनाच दिसत होतं. पाहुणे तर खुर्चीत बसून चकली खात होते.

मागच्या टेबलावर सागरने एकदा धनंजयकडे बघितलं. धनंजयने मान खाली घातली. सागरने बटण दाबलं.

उल्हासराव बोलतच होते, पण आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढे जाईना. आधी मागच्या बाजूला कुणीतरी फिसकलं, मग बायकांच्या घोळक्यात हसू फुटलं, आणि मग ते कुणालाच आवरेना. पाहुण्यांनाही, काय चाललंय ते न कळता, हसू आलं. एवढ्या वर्षांत उल्हासरावांनी या माणसांना हसण्यावारी नेलं होतं. आज तीच माणसं त्यांना हसत होती, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चला, वडे घ्या सगळ्यांनी," धनंजय माइकशिवायच म्हणाला. "नावं खाता खाता सुचवा." खुर्च्या सरकल्या. उल्हासरावांचं नाव सुचवायला एकही हात वर झाला नाही.

ते मंचावर एकटेच उभे राहिले. हातातलं यंत्र मात्र अजून चालू होतं.

"सागर, उतरला का रे अर्बाब?"

उल्हासरावांनी रागारागाने यंत्र तोंडाशी धरलं आणि उत्तर द्यायला सापडेल ते बटण दाबलं. मग दुसरं, मग तिसरं.

"अहो," खालून वासंतीबाई हळूच म्हणाल्या, "त्यात बोलता येत नाही."